मंडळाचे मैदान, विदर्भाचा संघ

विदर्भ नावाचे राज्य भारताच्या नकाशावर नाही. तरीही रणजी करंडकाच्या गुणतक्त्यात, राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत आणि खो-खोच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विदर्भ हा स्वतंत्र संघ म्हणून उतरतो, आणि अमरावती किंवा अकोल्याचा जो खेळाडू गावच्या मंडळातून पायरी पायरीने वर चढतो, त्याच्या अंगावर शेवटी चढणारी जर्सी महाराष्ट्राची नसते, ती विदर्भाची असते. खेळाचा नकाशा आणि राज्यकारभाराचा नकाशा यांच्यातील हे अंतर केवळ तांत्रिक स्वरूपाचे नाही. खेळाडू कोणासाठी खेळतो, त्याला कोण निवडते, त्याच्या यशाचा अभिमान नेमका कोणत्या गावाला वाटतो आणि कारकीर्द संपल्यावर तो कुठे परततो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या अंतरात दडलेली आहेत.

या अंतराचे मूळ वऱ्हाडच्या इतिहासात आहे. निजामाच्या राज्यातील वऱ्हाड प्रांत 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, 1903 मध्ये त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला, आणि पुढे 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हे जोडनाव रूढ झाले. रणजी करंडक स्पर्धा 1934-35 च्या हंगामात सुरू झाली तेव्हा याच जोडनावाचा संघ तीत होता. स्वातंत्र्यानंतर तो संघ इतिहासजमा झाला, 1950-51 पासून मध्य प्रदेशाचा संघ खेळू लागला, आणि राज्यपुनर्रचनेत मराठी भाषक जिल्हे 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर 1957-58 च्या हंगामात विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजीत प्रथम उतरला. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी हा संघ महाराष्ट्राच्या संघात विलीन झाला नाही. त्यामुळे आजही एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी करंडकासाठी खेळतात. राज्याच्या सीमा विधिमंडळात व संसदेत बदलतात. क्रीडासंघटनांच्या सीमा मात्र एकदा रुजल्या की सहजासहजी हलत नाहीत.

गुंतागुंत याहून पुढची आहे. शालेय क्रीडा स्पर्धांची रचना राज्य शासनाची असल्यामुळे तीत वेगळाच नकाशा चालतो. शाळेचा संघ तालुक्यात जिंकला की जिल्ह्यात, जिल्ह्यात जिंकला की विभागात आणि तेथून राज्यस्तरावर जातो; या रचनेत राज्याचे आठ क्रीडा विभाग असून अमरावती हा त्यांपैकी एक आहे. म्हणजे अचलपूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या शाळेतील मुलगी शालेय कबड्डीत अमरावती विभागाकडून कोल्हापूर वा लातूर विभागाविरुद्ध खेळते आणि निवड झाल्यास राष्ट्रीय शालेय स्पर्धेत महाराष्ट्राची खेळाडू ठरते. तीच मुलगी संघटनेच्या कुमारी गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेला गेली, तर विदर्भाची खेळाडू असते आणि महाराष्ट्राचा संघ तिचा प्रतिस्पर्धी असतो. एकाच वर्षात एकाच खेळाडूची दोन प्रादेशिक नावे असणे हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल, पण वऱ्हाडातील क्रीडाशिक्षकांना त्यात काही विशेष वाटत नाही.

भूभागाच्या नावाने खेळण्याची ही पद्धत जगात जिथे सर्वांत शुद्ध स्वरूपात टिकली आहे, त्या देशाकडे या ठिकाणी वळणे उपयोगाचे ठरते. तो देश आयर्लंड, आणि खेळ गेलिक फुटबॉल. या खेळात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात आणि चेंडू हाताने व पायाने दोन्ही प्रकारे खेळता येतो. मात्र चेंडू हातात धरून चार पावलांहून अधिक चालता येत नाही. तेवढ्यात तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावर टाकून पुन्हा हातात उडवून घ्यावा लागतो, आणि लागोपाठ दोनदा आपटण्यास मनाई असल्यामुळे धावता धावता हात आणि पाऊल यांची आळीपाळी साधणे हेच या खेळाचे मुख्य कौशल्य बनते. गोलखांब इंग्रजी 'एच' अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण मिळतात, आणि दांडीवरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर मूळ नियमाप्रमाणे एक गुण मिळतो.

या खेळाची धुरा वाहणारी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स या गावी, मायकेल क्यूसॅक यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. इंग्रजी अमलाखाली आयरिश भाषा, आयरिश नृत्य आणि आयरिश खेळ मागे पडत चालले असताना त्यांना पुन्हा मानाचे स्थान मिळवून देणे हा तिचा हेतू होता. संस्थेने कारभारासाठी जी एकके निवडली ती मात्र इंग्रजी राजवटीनेच आखलेली होती. आयर्लंडमधील काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. असे बत्तीस जिल्हे परकीय प्रशासनाने पाडले आणि या खेळाने त्यांना भावनिक अर्थ दिला. 1921 च्या सुमारास देशाची फाळणी होऊन उत्तरेकडील सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले, तरी गेलिक फुटबॉलच्या स्पर्धेत ते आजही उरलेल्या सव्वीस जिल्ह्यांबरोबर एकाच चषकासाठी खेळतात. विदर्भाच्या संघाकडे पाहताना हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गेलिक फुटबॉलपटूच्या कारकिर्दीला दोन मजले असतात. तळमजला क्लबचा, म्हणजे बहुधा एका चर्चच्या परिसरातील दोन-चार वाड्यावस्त्यांचा. वरचा मजला जिल्ह्याचा. खेळाडू जन्माने वा वास्तव्याने ज्या परिसराचा असतो त्याच क्लबकडून तो लहानपणापासून खेळतो, आणि तेथे चमकला तर जिल्ह्याच्या कुमार संघात, मग वीस वर्षांखालील संघात आणि शेवटी प्रौढ संघात त्याची निवड होते. वरच्या मजल्यावर गेला तरी त्याचे तळमजल्यावरचे नाव खोडले जात नाही. वर्षाच्या पूर्वार्धात जिल्ह्याचे सामने आणि उत्तरार्धात क्लबचे सामने अशी हल्लीची विभागणी असल्यामुळे देशभर गाजलेला खेळाडू काही आठवड्यांतच गावच्या मैदानावर शेजारच्या गावाविरुद्ध खेळताना दिसतो. केरी जिल्ह्याचा डेव्हिड क्लिफर्ड हा या पिढीतील सर्वांत नामवंत खेळाडूंपैकी एक मानला जातो. 2022 च्या जुलैमध्ये त्याने केरीबरोबर अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवले, आणि सहा महिन्यांच्या आत, 2023 च्या जानेवारीत, किलार्नीजवळच्या फॉसा या छोट्याशा गावाच्या क्लबला कनिष्ठ गटाचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवून दिले. व्यवसायाने तो शिक्षक आहे, कारण या खेळात मानधन नाही. डब्लिनचे क्रोक पार्क हे ब्याऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांचे मैदान अंतिम सामन्याला भरून जाते; मैदानावरचे खेळाडू मात्र प्रवासखर्च आणि माफक शासकीय अनुदान यांपलीकडे काही घेत नाहीत आणि सोमवारी आपापल्या कामावर हजर होतात.

आयर्लंडमधील या चळवळीला वऱ्हाडात जवळचे उदाहरण शोधायचे तर ते अमरावतीतच सापडते. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य यांनी, स्थापन केले. आखाडा, मल्लखांब, लाठी, लेझीम, कबड्डी आणि खो-खो यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणे आणि त्यातून गुलामीत वाकलेल्या समाजाचा कणा ताठ करणे, हे ध्येय क्यूसॅक यांच्या ध्येयाशी मिळतेजुळते होते, आणि या दोन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांची माहिती असण्याचे काही कारण नव्हते, म्हणूनच हे साम्य अधिक मोलाचे वाटते. खेळ आणि स्वातंत्र्याची आकांक्षा यांचे नातेही दोन्हीकडे सारखेच घट्ट होते. हुतात्मा राजगुरू यांनी काही काळ अमरावतीच्या या व्यायामशाळेत शिक्षण घेतले होते. तिकडे 21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिन आणि टिपरेरी यांच्यातील सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कवर गोळीबार केला, त्यात चौदा जणांचा बळी गेला, आणि मृतांमध्ये टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. क्रोक पार्कमधील एक प्रेक्षागार आजही होगनच्या नावाने ओळखले जाते.

1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि तेथे त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. परदेशी प्रेक्षकांपुढे कबड्डी मांडण्याचा हा पहिला मोठा प्रसंग म्हणून क्रीडा इतिहासात नोंदला जातो. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ होण्यासाठी कबड्डीला 1990 च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत वाट पाहावी लागली. अमरावतीकरांनी बर्लिनचा हा मान अधिक मोठ्याने सांगायला हवा.

आयर्लंड आणि वऱ्हाड यांच्यात एक फरकही आहे. गेलिक संघटनेने दीर्घकाळ आपल्या सभासदांना क्रिकेट, रग्बी यांसारखे 'परके' खेळ खेळण्यास बंदी केली होती, ती 1971 मध्ये उठली. वऱ्हाडात अशी भिंत कधी उभी राहिली नाही. येथला पोऱ्या संध्याकाळी मंडळाच्या मैदानात कबड्डी खेळतो आणि रविवारी त्याच अंगाने क्रिकेटच्या सामन्याला जातो. परिणामी देशी खेळ आणि क्रिकेट यांच्या कारकिर्दीच्या वाटा एकाच गल्लीतून निघतात, आणि काही अंतरावर जाऊन फुटतात.

कबड्डीची वाट आधी पाहू. काळ्या मातीच्या या प्रदेशात मैदान तयार करणे हेच एक काम असते, कारण ही माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. स्पर्धेच्या आधी मंडळाचे कार्यकर्ते चांगली माती आणून ती चाळतात, खडे वेचतात, पाणी मारून रोलर फिरवतात आणि मग फक्कीने रेषा आखतात. पुरुषांचे क्रीडांगण 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा असते, आणि चढाई करणाऱ्याने ती ओलांडली नाही व कोणाला स्पर्शही केला नाही तर तो बाद होतो. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. मैदानावर किमान सहा बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय हवेत असला, तर त्याला एक गुण मिळतो. हे सारे एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' चा दम न तोडता आणि तीस सेकंदांत करायचे असते. प्रतिपक्षाचे सातही खेळाडू बाद झाले की लोण लागतो आणि दोन गुण अधिक पदरी पडतात. मातीवर अनवाणी वाढलेला खेळाडू मोठ्या स्पर्धेत मॅटवर बूट घालून उतरतो तेव्हा त्याच्या पावलाची घसरणीची सवय मोडते; ज्या पकडीत तो मातीत टाच रोवून उभा राहत असे, तिथे मॅटवर त्याला गुडघ्याच्या जोरावर अवलंबून राहावे लागते. जिल्ह्यातून वर जाताना खेळाडू ज्या ठिकाणी अडतो, त्यांपैकी ही एक जागा आहे.

मंडळ, जिल्हा अजिंक्यपद, विदर्भाचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा अशी कबड्डीपटूची चढण असते. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने काही थोड्यांसाठी पैशाचा दरवाजा उघडला. बाकीच्या बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द आजही आयर्लंडच्या शिक्षक-फुटबॉलपटूसारखीच, नोकरीच्या आधाराने चालते. दहावी-बारावीत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, शासकीय नोकरभरतीतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, आणि पोलीस, रेल्वे व बँका यांचे स्वतःचे संघ या तीन आधारांवर ग्रामीण भागातील आईवडील मुलाला मैदानावर जाऊ देतात. खेळाला 'उपयोग' असावा ही अपेक्षा चुकीची नाही. जिथे घरचे उत्पन्न कपाशी, सोयाबीन आणि पावसावर ठरते, तिथे ती असणारच.

क्रिकेटची वाट अधिक लांब आणि अधिक नागपूरकडे झुकणारी आहे. प्रादेशिक संघाची निवड, सरावशिबिरे, अकादमी आणि जामठा येथील कसोटी दर्जाचे मैदान हे सारे नागपूरच्या बाजूला. अमरावतीपासून ते सुमारे दीडशे आणि अकोल्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. बडनेरा किंवा अकोला स्थानकावर पहाटेच्या गाडीसाठी किटबॅग घेऊन उभा असलेला मुलगा आणि त्याच्याबरोबर अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला बाप हे दृश्य या भागात नवे नाही. विदर्भाच्या संघातून खेळत कसोटीपर्यंत पोहोचलेले पहिले खेळाडू उमेश यादव हेही नागपूरजवळच्या खापरखेड्याचे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉलनेच खेळलेल्या या खाणकामगाराच्या मुलाने नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पण केले. त्यांच्यामुळे विदर्भातील जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वेगवान गोलंदाजांना पुढचा टप्पा डोळ्यांना दिसू लागला.

अकोल्याचे आदित्य ठाकरे हे त्यांपैकीच एक. डिसेंबर 2017 मध्ये विदर्भ प्रथमच रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला, आणि इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीविरुद्धच्या त्या सामन्यातच एकोणीस वर्षांच्या ठाकरे यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. प्रथम श्रेणी म्हणजे किमान तीन दिवसांचे, प्रत्येक संघाला दोन डाव देणारे अधिकृत सामने. ज्या संघाने साठ वर्षे वाट पाहिली, त्याच्या सर्वांत मोठ्या सामन्यात कारकिर्दीचा पहिला चेंडू टाकणे हे फार थोड्यांच्या वाट्याला येते. रजनीश गुरबाणी यांच्या हॅट्ट्रिकमुळे गाजलेला तो सामना विदर्भाने 1 जानेवारी 2018 रोजी नऊ गडी राखून जिंकला. त्याच हंगामात अकोल्याचेच अथर्व तायडे यांनी विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात 320 धावा केल्या आणि तोही करंडक विदर्भाकडे आला. पुढे ते प्रौढ संघाचे सलामीवीर झाले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये जामठ्यावर शेष भारताविरुद्धच्या इराणी करंडकात त्यांनी 143 धावा केल्या. वयोगटाच्या संघातून प्रौढ संघापर्यंतची ही सरळ, न तुटलेली रेषा गेलिक फुटबॉलपटूच्या चढणीशी सर्वाधिक जुळते.

अमरावतीच्या जितेश शर्मा यांची रेषा अशी सरळ नाही, आणि म्हणूनच ती अधिक काही शिकवते. 22 ऑक्टोबर 1993 रोजी जन्मलेले हे यष्टिरक्षक-फलंदाज 2014 पासून विदर्भाकडून एकदिवसीय व वीस षटकांचे सामने खेळू लागले. पण एका संघात यष्टिरक्षक एकच असतो, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ती जागा बराच काळ अक्षय वाडकर यांच्याकडे राहिल्यामुळे जितेश यांच्या वाट्याला असे सामने थोडेच आले. 2022 मध्ये पंजाबच्या आयपीएल संघाने त्यांना वीस लाखांत घेतले. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ते भारताकडून खेळले. पुढे लिलावात बंगळूरच्या संघाने त्यांच्यासाठी अकरा कोटी मोजले. 27 मे 2025 रोजी लखनौमध्ये 228 धावांचा पाठलाग करताना त्यांनी हंगामी कर्णधार म्हणून 33 चेंडूंत नाबाद 85 धावा केल्या, आणि आठवडाभरात बंगळूरने प्रथमच ते अजिंक्यपद जिंकले. त्यानंतरच्या हंगामासाठी त्यांनी विदर्भ सोडून बडोद्याचा संघ धरला.

गेलिक फुटबॉलमध्ये असे स्थलांतर जवळजवळ अशक्य आहे. खेळाडूचा जिल्हा त्याचा जन्म, वास्तव्य किंवा क्लब ठरवतो, आणि चांगली संधी मिळते म्हणून जिल्हा बदलणे लोकांच्या मनाला रुचत नाही. भारतीय क्रिकेटमध्ये ते नियमाने शक्य आहे, आणि विदर्भाला त्याचा मोठा लाभ झाला आहे. मुंबईचे वसीम जाफर आणि कर्नाटकाचे गणेश सतीश हे 2017-18 च्या विजेत्या संघात होते. 2024-25 मध्ये केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात नागपूरला 86 आणि 135 धावा करणारे करुण नायरही कर्नाटकातून आलेले आणि पुढे तिकडेच परतलेले. जाफर यांच्याबरोबर राहून येथल्या तरुण फलंदाजांना डाव कसा बांधायचा ते शिकायला मिळाले, याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण बाहेरून आलेला प्रत्येक खेळाडू अकरांतील एक जागा घेतो, आणि जी जागा जाते ती सहसा नागपूरच्या मुलाची नसून यवतमाळ, वाशीम वा बुलढाण्याच्या मुलाची असते, कारण तो मुळातच निवडकर्त्यांच्या नजरेपासून अधिक दूर असतो. संघाच्या नावातला भूभाग आणि संघातील खेळाडूंचा भूभाग यांचे प्रमाण राखणे ही म्हणूनच संघटनेची जबाबदारी आहे, आणि जिल्ह्यांतील मैदाने, खेळपट्ट्या व प्रशिक्षक यांवर खर्च झाल्याशिवाय ती पार पडणे शक्य नाही.

पैशाचे गणित या वाटेला आणखी एका बाजूने वळवते. रणजीचा सामना खेळणाऱ्याला 2021 पासून अनुभवानुसार दिवसाला चाळीस ते साठ हजार रुपये मिळतात, त्यामुळे प्रादेशिक संघात स्थिरावलेल्या क्रिकेटपटूला नोकरीची गरज उरत नाही. परंतु त्यामुळेच गावच्या क्लबकडे परतण्याचे निमित्तही उरत नाही. हंगाम, शिबिरे आणि लीग यांत वर्ष भरून जाते, आणि ज्या मैदानावर तो घडला तेथे तो पुढे सत्कारापुरता येतो. क्लिफर्डने जसे काही महिन्यांच्या अंतराने केरी आणि फॉसा अशा दोघांसाठी करंडक आणले, तसे दृश्य अकोल्यात पाहायला मिळण्यासाठी क्रिकेटच्या वेळापत्रकातच क्लबला मानाची जागा द्यावी लागेल.

कबड्डीत ती जागा अजून शिल्लक आहे. विदर्भाची जर्सी घालून राष्ट्रीय स्पर्धेला गेलेला चढाईपटू पस्तिशीनंतर मंडळात परततो. पायांतली चपळाई ओसरली की मध्यरक्षक म्हणून एखादा-दुसरा मोसम काढतो, मग पंचपरीक्षा देतो, आणि हिवाळ्यातल्या गावच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हातात फक्कीचे घमेले घेऊन निदान रेषा आखताना दिसतो. रेषा वाकडी झाली तर तो ती पुसून पुन्हा ओढतो, कारण उद्या त्या रेषेवर कुणाचे पाऊल पडले आणि कुणाचे नाही, याचा निर्णय त्यालाच द्यायचा असतो.